सतरा नंबरचं कार्ड

“त्यांना सतरा नंबर बघायचाय,” शिरोडे सर म्हणाले आणि एक छापलेली मेल त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

रेवा माझ्या मांडीवर होती. ऑफिसात तिला आणायची नाही असा माझाच नियम होता, पण सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि पंधरा महिन्यांची मुलगी दुसऱ्या कुणाकडे सोपवायला माझं मन धजत नव्हतं. तिच्या मुठीतून कागदाचं टोक सोडवत मी मेल वाचली. पाहुणे गुरुवारी येणार होते. ज्या मुलीची हकीकत वाचून त्यांच्याकडे सगळ्यांचे डोळे भरून आले, तिला त्यांना भेटायचं होतं.

ती हकीकत मीच लिहिलेली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्याचा तेवढाच उपयोग झाला होता. आठवड्यातले तीन दिवस मी कातकरवाडीवरच्या शेडमध्ये मुलांची वजनं करायची, दंडाला टेप लावायची, आणि दोन दिवस ऑफिसात बसून तेच इंग्रजीत लिहायची. शेड परदेशातल्या एका संस्थेच्या पैशावर चालत होती. सकाळी अंडं, दुपारी खिचडी, चार वाजता शेंगदाण्याचा लाडू. बत्तीस मुलं. त्यांची नावं बाहेर कळवायची नसत, म्हणून प्रत्येकाला नंबर. सतरा नंबर म्हणजे चंदी हिलम. आषाढात तिच्या आईने, यमीने, तिला आणलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती आणि भरली होती चार किलो नऊशे. दिवाळीपर्यंत सहा किलो सातशेवर आली. मी तिच्यावर दीड पान लिहिलं होतं. चांगलं उतरलं होतं.

“यमी भट्टीवर गेलीय, सर. सगळी वाडीच गेलीय.”

“माहितेय मला.”

दर वर्षी हेच व्हायचं. पाहुणे यायचे ते माघात, हवा छान असते आणि गाडी वाडीपर्यंत जाते तेव्हा. आणि दिवाळी झाली की कातकरी विटा पाडायला जे जातात ते मृगाच्या तोंडावर परततात. वाडीत उपासमार असते ती पावसात, तेव्हा ओढ्यापलीकडे कुणी येत नाही. आधीची दोन्ही वर्षं सरांनी शेजारच्या ठाकूरवाडीतली मुलं आणून शेड भरली होती. त्यात खोटं असं काही नव्हतं, तीही मुलं अर्धपोटीच होती. पण या वेळी पाहुण्यांनी नंबर सांगून मूल मागितलं होतं.

“तुम्ही जाऊन घेऊन या,” सर म्हणाले. “तुमचं ऐकेल ती. पुढच्या तीन वर्षांचं याच भेटीत ठरणार आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

सर वाईट माणूस नव्हते. शेडचे पत्रे त्यांनी स्वतः वर चढून ठोकले होते.

मंगळवारी रेवाला कडेवर घेऊन मी भट्टीवर गेले. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे मिनीडोर रिक्षाने. सगळा वेळ मी तिचं डोकं पदराखाली धरून ठेवलं होतं, तरी तिच्या पापण्यांवर धूळ बसली. यमी आणि तिचा नवरा कालव्याच्या कडेला विटा पाडत होते. तो चिखल कालवत होता, ती साच्यात भरून उलटत होती. मला पाहून ती उठली नाही, फक्त हसली आणि हनुवटीने बाजूला दाखवलं. कच्च्या विटांच्या रांगेच्या सावलीला चंदी बसली होती.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात माशी बसली होती आणि ती तिला हाकलत नव्हती. ते मी आधी पाहिलं.

टेप माझ्या पर्समध्येच असायची. खरं सांगायचं तर ती कामासाठी नसायची. रेवा झोपली की मी रोज रात्री तिचा दंड मोजायची. सासूबाई म्हणायच्या, मूल जोखू नये, दृष्ट लागते. म्हणून त्यांच्या नकळत. शनिवारी शेड रिकामी असली की दार लोटून तिला काट्यालाही लावायची. मी चंदीच्या दंडाला टेप गुंडाळली. टेपच्या खिडकीत लाल रंग आला, म्हणजे अतिकुपोषित. मी काढून पुन्हा लावली. लालच.

“बरी हाय ना?” यमीने तिकडूनच विचारलं.

कोपरापर्यंत चिखलाचे तिचे हात साच्यावर थांबले होते.

“बरी आहे,” मी म्हणाले.

मग गुरुवारचं सांगितलं. यमी म्हणाली, एक दिवस खाडा केला तर जोडी मोडते, आणि शेठ त्या दोघांच्या जागी दुसरं जोडपं लावून मोकळा होतो. मी म्हणाले, गाडी पाठवते, संध्याकाळच्या आत परत आणून सोडते. ती म्हणाली, सकाळचा चिखल संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

“ती बाय मला वळखते का?” तिने विचारलं.

“नाही. वाचलंय तिने तुझ्याबद्दल.”

“मंग पावसात ये म्हणावं. पावसात मी हायच वाडीवर. तवा जोखा, खायाला घाला, काय ते करा. तुमची शेड काय पळून जाते?”

निघताना तिने हात धुतले आणि रेवाला घेतलं. आमच्या मुलींमध्ये आठ दिवसांचं अंतर. तिने रेवाला वर-खाली झुलवून पाहिलं, जोखल्यासारखं.

“तुमची भरलीय,” ती म्हणाली. आणि लगेच वाकून जळक्या विटेवरची काजळी बोटावर घेऊन तिने रेवाच्या कानामागे टिकला लावला. “माझीच नजर लागायची.”

परत येऊन मी सरांना सांगितलं, यमी येत नाही आणि टेप लाल दाखवतेय.

“कागदावर घातलंत?”

“नाही अजून.”

“मग गुरुवारनंतर घाला.”

गुरुवारी दोघंच आले. मारियान बाई पंचावन्नच्या आसपासच्या, पिकल्या केसांचा बुचडा बांधलेल्या, आणि त्यांच्याबरोबर लॅपटॉपवाला एक तरुण. बाई आल्या त्या चप्पल बाहेर काढून सरळ जमिनीवर बसल्या. मला त्या आवडल्या. ठाकूरवाडीची अकरा मुलं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसली होती, सगळी तीन-चार वर्षांची. सर पाहुण्यांना सांगणार होते की सतरा नंबरचं कुटुंब कामाला गेलंय. तसं ठरलं होतं. मी भिंतीला टेकून रेवाला घेऊन बसले होते. साधी सुती साडी, घड्याळ नाही, पर्स नाही. पाहुण्यांपुढे साधं राहायचं हा संस्थेचा नेहमीचाच शिरस्ता.

बाईंनी हातातल्या यादीवर पाहिलं, मग मुलांकडे. पंधरा महिन्यांचं मूल शेडमध्ये एकच होतं. त्या उठून माझ्याकडे आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि रेवाचं बोट धरून इंग्रजीत म्हणाल्या, “तूच ना ती? तूच सतरा.”

सर दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, ना होय म्हणून, ना नाही म्हणून.

“येस,” सर म्हणाले.

एवढंच झालं.

त्यानंतरचं सगळं आपोआप होत गेलं. बाईंना वजन बघायचं होतं. सरांनी आढ्याच्या काट्याला झोळी अडकवली आणि मी रेवाला तीत ठेवलं. काटा आठ किलो सहाशेवर थांबला. मला तो आकडा शनिवारपासून माहीत होता. सरांनी सतरा नंबरचं वजनाचं कार्ड आणून दिलं. वाडी भट्टीवर गेली की सगळी कार्डं शेडच्या पेटीतच असत. बाईंनी स्वतःच्या हिरव्या शाईच्या पेनाने फेब्रुवारीच्या घरात टिंब दिलं, बाजूला आकडा लिहिला आणि नोव्हेंबरच्या टिंबापासून तिथपर्यंत रेघ ओढली. डिसेंबर आणि जानेवारी मध्ये कोरेच राहिले. रेघ खालच्या पट्ट्यातून सरळ वर, हिरव्या पट्ट्यात गेली. तरुणाने त्या रेघेचा फोटो काढला. मग माझा आणि रेवाचा. त्याआधी बाईंना रेवाच्या कानामागचा काळा टिकला दिसला. दोन दिवस आंघोळ घालताना मी तो जपला होता. बाईंनी ओल्या कागदाने तो हलक्या हाताने पुसून टाकला आणि माझ्याकडे पाहून हसल्या.

सर जेवणाचं बघायला बाहेर गेले. आत मुलं, ते दोघं आणि मी. रेवा माझ्या खांद्यावर झोपली होती. बाई त्या तरुणाशी बोलू लागल्या. आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही.

त्या म्हणाल्या, इथलं काम झालंय, आणि चांगलं झालंय. तरुण म्हणाला, पण यांनी आणखी तीन वर्षं मागितली आहेत. बाईंनी माझ्याकडे, रेवाच्या पाठीकडे पाहिलं.

“हिच्याकडे बघ ना,” त्या म्हणाल्या. “इथलं एक जरी मूल पुन्हा लालमध्ये घसरलेलं दिसलं असतं, तर मी यांच्यासाठी भांडले असते. पण आता हा पैसा जिथे अजून लाल आहे तिथे जायला हवा. मला ते मनापासून वाटतं.”

शेडमध्ये त्यांचं बोलणं कळणारी मी एकटीच होते. लाल टेप पाहून दोनच दिवस झाले होते. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येत होतं. पण गेला अर्धा तास मी सतरा नंबरची आई होते, इंग्रजी न येणारी बाई. रेवाचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. ती उठेल म्हणून मी बोलले नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

वैशाखात पत्र आलं. सरांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. अभिनंदन होतं. तुमचा प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण झाला आहे, असं होतं. सर म्हणाले, “असं कसं झालं? बाई तर इतक्या खूश होत्या.” मी ऐकलेलं त्यांना सांगितलं नाही. मेअखेर शेडला कुलूप लागलं. काटा आणि भांडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. कार्डं ज्याची त्याला वाटून टाका, त्यांच्याकडे असू देत, असं सर म्हणाले. सतरा नंबरवरची ती हिरवी नोंद खोडायची माझ्या मनात होती. पण तिचा फोटो अहवालात गेलेला. मी कार्ड तसंच गठ्ठ्यात ठेवलं, आणि जूनमध्ये वाडी परतल्यावर मीच ते यमीला दिलं. शेड का बंद, तिने विचारलं. मी म्हणाले, वरून पैसे थांबले.

श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, यमी माझ्या घरी आली. तालुक्याच्या गावात ती पहिल्यांदाच माझं घर शोधत आली होती. डोक्यावर इरलं, पोटाशी चंदी. तीन दिवस जुलाब होत होते. मुलीचं तोंड गोल दिसत होतं, गाल वर आलेले. कुणालाही वाटलं असतं, पोर धष्टपुष्ट आहे. मी तिच्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, म्हणजे ती उपासमारीची सूज होती.

रेवाला शेजारच्या काकूंकडे देऊन मी त्यांना दवाखान्यात नेलं. वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. डॉक्टर माझ्यापेक्षाही लहान असेल, पहाटेपासून उभा होता. त्याने वजन करायला सांगितलं. सात किलो शंभर.

“जुना काही कागद आहे?”

यमीने प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. पावसातून आणूनही ते कोरडं होतं. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केलं. “हाय ना. सगळं लिवलंय तायने.”

डॉक्टरने रेघेवरून बोट फिरवलं. “फेब्रुवारीत आठ सहाशे. पोर चांगलं होतं की. नंतर केलंच नाही वजन? ठीक आहे. म्हणजे दीड किलो पाणीच गेलंय.” मग नर्सला म्हणाला, “सलाईन जोरात सोडा.” आणि पुढच्या खाटेकडे वळला.

मी चंदीच्या उशाशी उभी राहिले. नळीत थेंब दिसत नव्हते, धारच दिसत होती. पहिल्या वर्षी एका डॉक्टर बाईंनी आम्हा कार्यकर्त्यांचं शिबिर घेतलं होतं. उपाशी मुलाला सलाईन भराभर द्यायचं नाही, त्याचं हृदय तेवढं पाणी ओढू शकत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. माझ्या समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. यमीने चंदीचे पाय हातात धरले होते. बाटली अर्ध्याच्या खाली आली तेव्हा अकरा पस्तीस झाले होते.

मी डॉक्टरकडे गेले. इंग्रजीत म्हणाले, “ते फेब्रुवारीचं वजन या मुलीचं नाही.”

तो मराठीत म्हणाला, “मग कोणाचं?”

मी इंग्रजीतच म्हणाले, “माझ्या मुलीचं.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. झपाझप जाऊन त्याने नळीचं चाक आवळलं, चंदीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, पाय दाबून पाहिले, आणि नर्सला हळू आवाजात काहीतरी सांगू लागला.

“काय सांगितलंव डाक्टरला?” यमीने मला विचारलं.

“औषधाचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चंदी गेली. त्या पंचवीस मिनिटांनी काय केलं, मी डॉक्टरला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. रेवाचा एक पिवळा टॉवेल मी घाईत उचलून आणला होता, त्यात यमीने तिला गुंडाळलं. रडली नाही. तिचा नवरा येईपर्यंत ती बाकावर बसून राहिली, मग उठून गेली. खाटेवर कार्ड राहिलं होतं. ती जिन्यावरून परत आली आणि ते घेऊन गेली.

याला आता चौदा वर्षं झाली. मी शाळेत शिकवते. शिरोडे सर गावाकडे निघून गेले. ते अहवाल संस्थेच्या कपाटात कुठेतरी असतील.

यमी दर वर्षी येते. भाद्रपद संपत आला की करटुली नाहीतर खेकडे घेऊन दारात बसते. तिला आणखी दोन मुलगे झाले, दोघंही आहेत. भाजीचं झालं की चहा घेते आणि कनवटीची पिशवी काढते. वाडीवरच्या कुणीतरी कार्डाला दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक लावून आणलंय.

“वाचा ना, ताय.”

मी वाचते. जुलै, चार किलो नऊशे. ऑगस्ट, पाच तीनशे. सप्टेंबर, ऑक्टोबर. नोव्हेंबर, सहा सातशे. मग हिरवी शाई. आठ किलो सहाशे.

यंदा रेवा दारातच होती, क्लासला निघालेली. तिने माझ्या खांद्यावरून वाकून कार्ड पाहिलं. ती असं सगळं बारकाईने बघते.

“आई, हे असं कसं? मधले दोन महिने कोरे, आणि एकदम दोन किलो?”

मी चष्मा काढून पदराने पुसायला लागले.

“अगं, तवा आम्ही भट्टीवर व्हतो ना,” यमीच म्हणाली. “तुझी आय आलती तिथवर, तुला कडेवर घिऊन. तिनंच मोजली. बरी हाय म्हणाली. तिथलं पाणी मानवलं व्हतं चंदीला.” तिने प्लास्टिकवरून अंगठा फिरवला, बरोबर हिरव्या टिंबावर. “एकदा तरी भरली व्हती माझी पोर.”

रेवा माझ्याकडे पाहत उभी होती. मग तिला उशीर झाला आणि ती गेली. यमीने तिला फाटकापर्यंत पाहिलं, आणि कार्ड परत माझ्या हातात दिलं.

“पुन्यांदा वाचा,” ती म्हणाली. “तेवढंच वाचा.”

मी चष्मा लावला आणि वाचलं.